उद्यान सल्लागार समिती (खानदेश)

शहरातील उद्याने, क्रीडांगणे, तलावाकाठच्या पायवाटा आणि करमणुकीच्या मोकळ्या जागांवर लक्ष ठेवून महापालिकेला किंवा नगरपालिकेला सल्ला देणारी नागरिकांची व लोकप्रतिनिधींची समिती. अमेरिकेतील शहरांत अशी समिती सर्रास असते. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शहरांत, कायद्याने या नावाची वेगळी समिती नेमलेली नाही. तिचे काम मात्र कुणी ना कुणी करतच असते. थोडे वृक्ष प्राधिकरण करते, थोडे प्रभाग समिती, थोडे बांधकाम विभाग, आणि उरलेले कॉलनीतील सेवानिवृत्त शिक्षक व पहाटे फिरायला निघणारी मंडळी.

अमेरिकेत या प्रथेचा उगम उद्यान आयोगांत आहे. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८५७ मध्ये आयुक्तांचे मंडळ नेमले गेले आणि पुढच्याच वर्षी ओल्मस्टेड व वॉक्स या रचनाकारांचा आराखडा निवडला गेला. शिकागो आणि बोस्टन यांनीही पुढील दोन दशकांत आपापली उद्यान मंडळे स्थापली. १९०६ मध्ये तिथे क्रीडांगणांसाठी देशव्यापी संघटना उभी राहिली आणि उद्यानाच्या जोडीला ‘करमणूक’ हाही नगरपालिकेचा विषय झाला. आज तिथल्या छोट्या शहरांत पाच-सात नागरिकांची बिनपगारी समिती ठरावीक मुदतीसाठी नेमतात. बैठकीची विषयपत्रिका आधी जाहीर होते, बैठक खुली असते, कुणीही उठून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. समिती शिफारस करते, निर्णय नगर परिषद घेते. समितीला पैसा खर्च करण्याचा अधिकार नसतो. तरीही शिफारस इतिवृत्तात लेखी राहते, आणि ती डावलायची तर परिषदेला लोकांसमोर डावलावी लागते. ‘सल्लागार’ या शब्दाचे वजन एवढेच, पण ते कमी नाही.

कायद्यातील स्थान

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा’ हा बारावा विषय आहे. महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपरिषद अधिनियमांत मात्र उद्यान हे पाणी-गटार-दिवाबत्तीच्या पंक्तीत बसत नाही. ते ऐच्छिक कामांत मोडते. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती कुठून सुरू होते, हे यावरून कळावे.

नगरपरिषदांच्या विषय समित्या ठरलेल्या आहेत: बांधकाम, शिक्षण, आरोग्य व स्वच्छता, पाणीपुरवठा, नियोजन, महिला व बालकल्याण. यांत उद्यानाचे नाव नाही. मुंबई महापालिकेत ‘बाजार व उद्यान समिती’ आहे, तिथे भाजीबाजाराच्या जोडीला का होईना बागेला स्वतःची खुर्ची मिळाली. अमळनेर, चोपडा, शिरपूर किंवा शहादा यांसारख्या गावांत बागेचा प्रश्न बांधकामाच्या फायलीत जातो. म्हणून बागेत झाड लावण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक बसवणे सोपे पडते. त्याचे मोजमाप पुस्तकात धरता येते, बिल निघते.

महापालिकांना प्रभाग समित्या आहेत. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये अस्तित्वात आल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४.६ लाख आणि धुळ्याची सुमारे ३.७५ लाख होती. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समिती घटनेनेच बंधनकारक आहे. तिच्यात नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना घेता येते. नागरिकांच्या उद्यान समितीसाठी कायद्याचे दार शोधायचे तर हे सर्वांत जवळचे. कायद्याची वही चाळून या दारापर्यंत येणारे मात्र मोजकेच.

ओपन स्पेस

खानदेशी शहरात ‘बगीचा’ म्हटले की एखाद-दुसरे मोठे उद्यान आठवते. रोजच्या जगण्यातली जागा मात्र वेगळी असते, तिला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. शेतजमिनीत प्लॉट पाडताना ०.४ हेक्टर व त्यावरील अभिन्यासात, म्हणजे लेआउटात, दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीतही हे आहे. म्हणजे एक हेक्टरचे लेआउट असेल तर सुमारे दहा गुंठे. गेल्या काही दशकांत जळगाव आणि धुळ्याच्या कडेची कापसाची वावरे कॉलन्यांत गेली, तसे असे दहा-दहा, वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे शहरभर विखुरले.

अशा तुकड्याचे चित्र बहुतेक ठिकाणी ओळखीचे निघते. कोपऱ्यात मारुतीचे किंवा महादेवाचे देऊळ, त्याला लागून पत्र्याचा सभामंडप. दुसऱ्या कोपऱ्यात लोकप्रतिनिधीच्या निधीतून आलेली ओपन जिम, तिच्या सायकलीचा एक पेडल गायब. निधीचा निळा फलक तेवढा शाबूत, कारण तो उंच लावलेला. मधल्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पोरांचे क्रिकेट चालते. मार्च-एप्रिलात मात्र सकाळी क्रिकेटला मज्जाव, कारण चटया आणि जुन्या साड्या अंथरून बायकांनी बिबडे, पापड, कुरडया वाळत टाकलेल्या असतात. कावळे हाकायला एखादी आजी काठी घेऊन सावलीत बसलेली असते. उद्यानाच्या कोणत्याही आराखड्यात वाळवणाची जागा दाखवलेली नसते, पण त्या जागेचा खरा वापर विचारला तर हा आधी सांगावा लागेल.

या तुकड्यांवरचे भांडण नेहमीचे: तो कुणाचा? लेआउट पाडणारा म्हणतो, दिला. पालिका म्हणते, ताब्यात आला नाही. रहिवासी संस्था म्हणते, आम्ही सांभाळतो. मग एक दिवस तिथे एखाद्या संस्थेच्या हॉलचा पाया खोदला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या एका खटल्यात, सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, असा निकाल दिला. मोकळी जागा ही शहराची चैन नाही, रहिवाशांच्या आरोग्याची गरज आहे, ही त्यामागची भूमिका. कॉलनीतील लोक आजही अर्ज लिहिताना या निकालाचा आधार घेऊ शकतात.

विकास आराखड्यातील आरक्षणाची गोष्ट याहून नाजूक. बागेसाठी आरक्षित खासगी जमीन आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उडते. नोटीस आली हे नागरिकांना सहसा कळतच नाही. उद्यान समिती असती तर तिचे सर्वांत मोलाचे काम झोपाळ्याचा रंग ठरवणे हे नसून अशा नोटिसांची यादी दर महिन्याला मागणे हे असते.

वृक्ष प्राधिकरण

कायद्याने उभी राहिलेली आणि उद्यान समितीच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था म्हणजे वृक्ष प्राधिकरण. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार प्रत्येक महापालिकेत व नगरपरिषदेत ते असावे लागते. महापालिकेत आयुक्त, तर नगरपरिषदेत नगराध्यक्ष त्याचा अध्यक्ष. नगरसेवकांखेरीज झाडांची जाण असलेल्या संस्थांचे प्रतिनिधी सदस्य म्हणून घेता येतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे, रोपवाटिका ठेवणे, तोडीच्या अर्जांवर निर्णय घेणे ही त्याची कामे. झाड तोडण्याचा अर्ज आला की वृत्तपत्रात जाहिरात देतात आणि त्या झाडावरही नोटीस चिकटवतात. बुंध्याला डकवलेला, उन्हाने पिवळा पडलेला तो कागद वाचण्यासाठी थांबणारा माणूस म्हणजेच या कायद्याची खरी फौज.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ ठरवले. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावायची, हा नियमही तिच्यातलाच. हिशेब सरळ आहे: आठ वर्षांच्या गुलमोहरापोटी आठ रोपे, साठ वर्षांच्या वडापोटी साठ. अडचण जागेची. साठ रोपे लावायला रस्त्याकडेला माती उरलेली नसते, मग ती मुकाट उद्यानात आणून दाटीने लावतात. रस्तारुंदीकरणाचे देणे बाग फेडते, आणि दोन उन्हाळ्यांनंतर त्यातली किती जगली हे विचारायला कुणी नसते.

पाणी आणि ऊन

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. या एका गोष्टीने खानदेशातील उद्यानाचे सगळे गणित बदलते. दुपारी बाग ओस पडते. तिचे दोनच प्रहर, पहाट आणि दिवेलागणीनंतर. त्यामुळे इथे उद्यानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू दिवा आहे, मग सावली, मग पिण्याचे पाणी. कारंजे पार शेवटी. पुण्या-मुंबईच्या आराखड्याची नक्कल केली की हा क्रम उलटा होतो.

हिरवळीचा हट्टही असाच. जळगावला वाघूर धरणाचे, भुसावळला तापीचे, नंदुरबारला विरचक धरणाचे पाणी. धुळ्याला नकाणे, डेडरगाव तलाव आणि तापी योजना. उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना लॉनवर टँकर उभा दिसला की लोक चिडतात, आणि त्यांचे चुकत नाही. ज्या जळगावने ठिबक सिंचन देशभर पोचवले, त्या शहराच्या बागांत माळी आजही जाड पाइपाने लॉनवर पाणी सोडताना दिसतो. कडुनिंब, करंज, उंबर, पिंपळ ही झाडे दोन-तीन वर्षे जपली की पुढे स्वतःचे बघतात. जळगावच्या मेहरूण भागाची बोरे तर इथल्या कोरड्या मातीतच नावारूपाला आली.

कोण सांभाळतो

शासकीय समितीची उणीव भरून निघण्याची इथली एक वाट खासगी विश्वस्त संस्थांची आहे. जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळचे भाऊंचे उद्यान उद्योजक भवरलाल जैन यांच्या नावाने ओळखले जाते आणि जैन परिवाराच्या प्रतिष्ठानाकडून सांभाळले जाते. बहिणाबाई चौधरी यांच्या नावानेही शहरात उद्यान आहे. संस्थेने सांभाळलेली बाग स्वच्छ राहते, वेळेवर उघडते. मात्र नियम ठरवण्यात फिरणाऱ्यांचा वाटा किती असावा, हा प्रश्न बाग नीटनेटकी आहे म्हणून मिटत नाही.

भुसावळची गत निराळी. तिथली बरीच जुनी झाडी, मैदाने आणि ऐसपैस रस्ते रेल्वेच्या वसाहतीत आहेत. नगरपरिषदेचा त्यांवर हक्क चालत नाही. गाव आणि रेल्वे या दोन भुसावळांना एका टेबलाशी बसवील अशी समिती नेमायची तर आधी तिच्या हद्दीचाच खल करावा लागेल. नंदुरबारात माणिक चौकातील हुतात्मा शिरीषकुमार स्मारक ही बाग नव्हे. पण ‘चले जाव’ चळवळीत शिरीषकुमार गोळीबारात हुतात्मा झाला त्या ९ सप्टेंबर १९४२ च्या आठवणीची ती जागा सार्वजनिक आहे, आणि तिची निगा राखणे हे याच कामात धरायला हवे.

जळगाव आणि धुळे महापालिकांची २०१८ मध्ये निवडून आलेली सभागृहे २०२३ मध्ये मुदत संपून विसर्जित झाली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात झाड तोडण्याचा प्रस्ताव ज्या कार्यालयातून येई, मंजुरीही त्याच कार्यालयातून मिळे. वृक्ष प्राधिकरणात नगरसेवकांच्या खुर्च्या रिकाम्या, प्रश्न विचारायचा तर फक्त लेखी हरकतीने.

करमणूक

अमेरिकेतील समित्यांच्या नावातल्या ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ मधला दुसरा शब्द मराठीत नीट उतरत नाही; ‘करमणूक’ म्हटले की करमणूक कर आठवतो. खानदेशात करमणुकीला लागणारी जागा बागेच्या कुंपणात मावणारीही नाही. बारागाड्या, म्हणजे यात्रेत एकामागे एक जोडलेल्या बैलगाड्या, ओढायच्या तर लांब, सरळ, मोकळा रस्ता हवा. कुस्तीच्या दंगलीला मऊ माती हवी. सर्कस, प्रदर्शन, जाहीर सभा या तिघींना जळगावचे शिवतीर्थ मैदान किंवा धुळ्याचे गरुड मैदान हवे असते, आणि नेमके त्याच आठवड्यात पोरांचे सामने असतात. मैदान भाड्याने किती दिवस द्यायचे, मांडवाचे खड्डे कुणी बुजवायचे, अनामत कधी जप्त करायची, हे ठरवणे म्हणजे खरे तर उद्यान समितीचे रोजचे काम. इथे ते एका लिपिकाच्या टेबलावर, आलेल्या अर्जाच्या वजनाप्रमाणे ठरते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात आणि घराघरांत पत्त्यांचा डावही त्या दिवशी माफ असतो. शहरात अंगण गेले, परसातला कडुनिंबही गेला. त्यामुळे झोका आता ओपन स्पेसमधल्या एखाद्या उरलेल्या झाडाला बांधतात. लोखंडी झोपाळा शेजारीच असतो, पण त्यावर दोघी उभ्या राहून उंच जाता येत नाही. दोर बांधायला जाड, आडवी फांदी लागते. रस्त्यावर किंवा तारांवर येते म्हणून छाटणीत सर्वांत आधी जाते ती हीच.