अमेरिकेत मोटरहोमने फिरायचंय? कॅम्पग्राउंडचं आरक्षण आणि नागपुरातून न्यायची कागदपत्रं

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या नागपूरकरांमध्ये हल्ली एक बेत बराच ऐकू येतो. मोठी मोटरहोम, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना त्यात बसवायचं आणि दहा-बारा दिवस योसेमिटी, ग्रँड कॅन्यन अशी राष्ट्रीय उद्यानं करत फिरायचं. बेत छानच आहे. पण अशा कुटुंबांची कागदपत्रं लावून देताना मला दर वर्षी तेच चित्र दिसतं. विमानाची तिकिटं निघालेली असतात, गाडीची आगाऊ रक्कम भरलेली असते आणि रात्री ती गाडी उभी कुठे करायची याचा कोणी विचारच केलेला नसतो.

म्हणून व्हिसा हातात आला की क्रम असा ठेवा: आधी मुक्काम, मग गाडी, तिकीट शेवटी.

लांबीचा आकडा

कोणी विचारायला आलं की मी पहिल्यांदा गाडीची लांबी विचारते. उत्तर येतं, "सात जणांची आहे." तिथल्या कॅम्पग्राउंडला, म्हणजे रात्री गाडी लावून मुक्काम करायच्या तळाला, तुमच्या माणसांआधी गाडीचे फूट लागतात. तीस फुटांची मोटरहोम म्हणजे साधारण नऊ मीटर, आपल्या एसटीपेक्षा थोडीच लहान. ती झाडांमधल्या वळणदार रस्त्याने नेऊन आखून दिलेल्या जागेत बसवायची असते.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या मेथर कॅम्पग्राउंडमध्ये कमाल लांबी तीस फूट आहे. भाड्याच्या कंपन्यांची जी 'तीस फुटी' श्रेणी असते त्यात प्रत्यक्षात एकोणतीस, तीस, एकतीस अशी कोणतीही गाडी मिळू शकते. एका फुटासाठी गाडी बाहेर राहते. तिथेच शेजारी असलेल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये पन्नास फुटांपर्यंतच्या गाड्या राहतात, शिवाय वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. मात्र ते खासगी कंपनी चालवते आणि त्याचं आरक्षण वेगळ्या संकेतस्थळावर होतं. सरकारी संकेतस्थळावर ते दिसत नाही, म्हणून लोक ते नाहीच असं समजतात.

योसेमिटीत अपर पाइन्सला मोटरहोमची मर्यादा पस्तीस फूट, तर लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्सला चाळीस. इथे फार जण फसतात. हा आकडा त्या कॅम्पग्राउंडमधल्या सगळ्यात मोठ्या जागेचा आहे. प्रत्येक जागेची स्वतःची कमाल लांबी वेगळी असते आणि ती त्या जागेच्या क्रमांकावर क्लिक केल्यावर खाली तपशिलात दिसते. एकाच कॅम्पग्राउंडमध्ये एक जागा पस्तीस फुटांची आणि तिच्या बाजूची चोवीस फुटांची असू शकते. त्याच तपशिलात गाडी रिव्हर्समध्ये लावायची की सरळ आत जाऊन दुसऱ्या बाजूने निघायचं हेही लिहिलेलं असतं. पहिल्यांदाच एवढी गाडी चालवणार असाल तर सरळ निघणारी जागा शोधा, थोडे जास्त पैसे पडले तरी.

काही रस्त्यांवर तर मोठी गाडी जातच नाही. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग टु द सन रोडच्या डोंगराळ भागात एकवीस फुटांहून लांब किंवा आरशांसकट आठ फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे. मोटरहोम खाली लावून ठेवायची आणि वर जायची वेगळी सोय बघायची. हे तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं.

माणसांचाही हिशोब आहेच. योसेमिटीच्या एका जागेवर जास्तीत जास्त सहा जण, आणि लहान मुलंही त्यात मोजली जातात. "बाळ आईजवळच झोपेल" हे तिथे चालत नाही. आठ जण असाल तर दोन जागा घ्या.

पंधरा तारखेची सकाळ कुणाची?

सगळ्यात जास्त लोक इथे हुकतात. योसेमिटी व्हॅलीतल्या या तीन कॅम्पग्राउंडचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर दर महिन्याच्या १५ तारखेला उघडतं, पाच महिने आधी, एका वेळी एका महिन्याचं. १५ जानेवारीला उघडतं ते १५ मे ते १४ जूनचं. १५ फेब्रुवारीला १५ जून ते १४ जुलैचं. वेळ सकाळी सातची.

ती सकाळ कॅलिफोर्नियाची. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री साडेआठ आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे सरकली की संध्याकाळी साडेसात. मानेवाड्याचे एक काका-काकू १५ जानेवारीला पहाटे उठून, आंघोळी करून, बरोबर सातला लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर सगळीकडे 'अजून उपलब्ध नाही'. त्यांना वाटलं, या वर्षी जागाच नाहीत. काकूंनी मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर अपर पाइन्समध्ये सुट्टीच्या दिवसांची एकही जागा उरली नव्हती. उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत जातात. माझं सांगणं एवढंच की आदल्या दिवशी खातं उघडून ठेवा, कार्ड जोडून ठेवा, तीन-चार जागांचे क्रमांक लिहून ठेवा आणि रात्री आठपासून बसा.

विदर्भातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणून आपली सहल बऱ्याचदा मेच्या शेवटापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे तुमच्या काही रात्रींचं आरक्षण एका तारखेला आणि काहींचं दुसऱ्या तारखेला उघडू शकतं. १४ जूनच्या पुढच्या मुक्कामासाठी फेब्रुवारीची १५ तारीखही अडवून ठेवा.

मेथरचा नियम आणखी निराळा. तिथे पहिल्या रात्रीच्या सहा महिने आधी ती तारीख उघडते आणि रोज एकेक दिवस पुढे सरकते. योसेमिटीचा १५ तारखेचा नियम तिथे लावून वाट पाहत बसलेले लोक मी पाहिले आहेत. दोन उद्यानं, दोन पद्धती. त्यांनी एकच ठेवली असती तर किती लोकांचा जीव वाचला असता, पण ते आपल्या हातात नाही.

सरकारी जागा हुकली तर खासगी कॅम्पग्राउंड आहेत. केओएची साखळी १९६२ पासून चालू आहे आणि तिथे मोठ्या गाड्यांना जागा सहज मिळते. फक्त उद्यानापासून अंतर किती पडतं ते मोजा. मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये रात्र काढता येते असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. ते त्या दुकानाच्या व्यवस्थापकावर आणि त्या गावाच्या नियमांवर अवलंबून असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय थांबू नका.

आरक्षण कुणाच्या नावावर?

न्यू जर्सीचा मुलगा आपल्या खात्यातून सगळं बुक करतो आणि स्वतः दुसऱ्या आठवड्यात येणार असतो. आई-बाबा आणि सून पहिल्या रात्री दारात उभे. ज्याच्या नावावर आरक्षण आहे तो फोटो ओळखपत्रासह हजर हवा. योसेमिटीत हे काटेकोर पाहतात, कारण जागा विकण्याचे प्रकार खूप झाले आहेत. जो पहिल्या दिवसापासून गाडीत असणार आहे, त्याच्याच नावाने खातं उघडा.

नागपुरातून न्यायचं ते: आंतरराष्ट्रीय चालक परवाना

कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पर्यटकाला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. तरीही गाडी भाड्याने देणारे आणि इतर राज्यांतले पोलीस आंतरराष्ट्रीय परमिट मागू शकतात, म्हणून ते काढूनच जा. हे मूळ परवान्याचं भाषांतर आहे. एकटं परमिट दाखवून काही होत नाही, मूळ परवाना सोबत हवाच.

अर्ज परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर, नमुना ४-अ. फी १,००० रुपये. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाची प्रत, चालक परवाना आणि नमुना १-अ मधला वैद्यकीय दाखला लागतो. मुदत एक वर्ष किंवा मूळ परवाना संपेपर्यंत, जे आधी येईल ते. परवाना तीन महिन्यांत संपत असेल तर आधी त्याचं नूतनीकरण करा, नाहीतर तीन महिन्यांचं परमिट हाती पडेल.

वैद्यकीय दाखल्यावरून माझं डोकं दर वेळी तापतं. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने परदेशात असताना परमिट संपलेल्यांना दूतावासातून अर्जाची सोय दिली, तेव्हा वैध परवाना असलेल्याकडून पुन्हा वैद्यकीय दाखला मागण्याची गरज नाही असं स्वतःच मान्य केलं. मग इथून अर्ज करणाऱ्या साठीच्या माणसाने का पळायचं? पण खिडकीवर वाद घालून विमान थांबत नाही. दाखला करून घ्या.

खरा अडथळा निराळाच असतो. जुना पुस्तकी परवाना सारथीवर सापडतच नाही. त्याची जुनी नोंद आधी ऑनलाइन चढवून घ्यावी लागते, आणि त्याला किती दिवस लागतील हे कोणी सांगत नाही. निघण्याच्या दोन महिने आधी परवान्याचा क्रमांक टाकून बघा.

दुसरं नावाचं. परवान्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, क्रेडिट कार्डावर मधलं नावच नाही. गाडी घेताना तिथला माणूस तिन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं यात फार अडतं. परवाना जुन्या नावावर असेल तर नाव बदलूनच परमिटला हात लावा.

इंटरनेटवर 'दहा वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स, घरपोच' अशा जाहिराती येतात. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार भारत जे परमिट देतो ते एका वर्षाच्या वर नसतं. त्या कार्डावर एक पैसाही घालवू नका.

परवान्याच्या वर्गाचंही बघा. आपला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनांचा परवाना, साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीसाठी असतो. भाड्याच्या बहुतेक मोठ्या मोटरहोम, ज्यांना तिथे क्लास सी म्हणतात, फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर असतात आणि त्यांचं भारासह कमाल वजन साधारण ६,५७७ किलो, म्हणजे मर्यादेत. बसच्या आकाराच्या क्लास ए गाड्या बहुतेक या मर्यादेच्या वर जातात. अपघात झालाच तर विमा कंपनी हेच पहिल्यांदा विचारील. क्लास सी वरच राहा.

पैसे आणि वीज

१ जानेवारी २०२६ पासून परदेशी पर्यटकांसाठी उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. तो नसेल तर योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, ग्लेशियर, यलोस्टोनसह अकरा उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. दोन उद्यानं करणाऱ्या चार जणांच्या कुटुंबाने गणित मांडून पाहावं. क्रेडिट कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करा, ते आपोआप सुरू नसतात.

योसेमिटीच्या जागांवर विजेची जोडणी नाही आणि जनरेटर सकाळी सात ते नऊ, दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते सात एवढाच चालवता येतो. रात्रभर एसी लावून झोपायची आपली सवय तिथे चालणार नाही. कुणाला झोपेत श्वासाचं यंत्र लागत असेल तर बॅटरीवर ते किती तास चालतं हे गाडी घेण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

आणि आरक्षणाची पावती, जागेचा क्रमांक, परमिट, परवाना, पासपोर्ट यांच्या छापील प्रती एकाच फाइलमध्ये ठेवा. व्हॅलीत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि दारावर फोनमधली पावती उघडत नाही.