फरशीला पाणी सुटलं म्हणजे जमिनीतूनच आलं?

‘पावसाळ्यात तळमजल्याची फरशी ओली दिसली की जमिनीतलं पाणी वर चढतंय, फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करा,’ असा सल्ला नेहमी फिरतो. शंका रास्त आहे, पण खर्चाआधी खात्री करा.

जमिनीला टेकलेली फरशी खोलीतल्या हवेपेक्षा थंड असते. बाहेरची दमट हवा तिला लागली की थंड पाण्याच्या तांब्याला सुटतं तसं पाणी सुटतं.

तपासायला जाड, पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्या. फरशी कोरडी पुसून तो सांध्यांवर ठेवा (ओल बहुधा सांध्यांतूनच येते) आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या वर पाणी असेल तर ते हवेतलं: दमट वेळी खिडक्या बंद, पंखा किंवा एसीचा ड्राय मोड चालू. खाली थेंब असतील तर ओल जमिनीतली. दोन्हीकडे असेल तर कारणंही दोन.

जमिनीतली ओल असली तरी आधी बाहेर बघा. पन्हाळीचं पाणी जोत्याशी पडतंय का, गळका नळ, जोत्याला लागून मातीचा भराव किंवा कुंड्या आहेत का? भिंतीच्या बुडाशी पांढरा क्षार फुटला असेल तर आतून वॉटरप्रूफ रंग लावू नका; ओल आणखी वर सरकते आणि रंगाला फुगे येतात.