जास्त अंतर, तरी कमी वेळ

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशाकडे बघून हे पटत नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की लगेच दिसतं. हे अंतर भरतं साधारण १२,४०० किलोमीटर. त्याला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगानं भागलं की पावणेचौदा तासांच्या आसपास उत्तर येतं. इंटरनेटवर अंतर आणि वेळ सांगणारी बरीचशी गणितं अशीच असतात. त्यांत वारा नसतो.

एअर इंडियाचं विमान या प्रवासाला आधी अटलांटिकवरून जायचं, १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं दिशाच फिरवली आणि ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! भागाकार केलात तर सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर जातो. बोइंग ७७७ एवढं पळत नाही. वरचा वेग वाऱ्यानं दिलेला.

विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकातून आणि पृथ्वीच्या परिवलनातून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो आणि त्यांना जास्त जोर चढतो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण अहवाल छापला एस्पेरान्तो या फारशा कुणाला न येणाऱ्या कृत्रिम भाषेत, मग वाचणार कोण?

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाचं मुक्कामाचं गाव आपोआप जवळ यायला हवं, असा तर्क गप्पांमध्ये हमखास निघतो. तो चुकीचा आहे, कारण हवाही जमिनीसोबतच फिरत असते. फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती सरकते याचा.

बरं, एका दिशेला वाऱ्यानं नेलेला वेळ परतताना भरून येतो का? ५,४०० किलोमीटरचा प्रवास घ्या. वारा नसेल तर ताशी ९०० च्या वेगानं सहा तास, जाऊन-येऊन बारा. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. समोरून असेल तर पावणेसात तास, पाठीमागून असेल तर पाच तास चोवीस मिनिटं. बेरीज बारा तास नऊ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून हिशेब तोट्यातच राहतो.

एअर इंडियानं त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना विमान अटलांटिकवरून आणायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. वारा दोन्ही वेळा पाठीशी, आणि दिल्लीला उतरेपर्यंत पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण.