जळजळीवरचं पांढरं औषध: ते काय करतं, कसं घ्यावं

भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर झाली, वर शेवभाजीची तर्री, आणि हात धुऊन लगेच अंथरूण गाठलं, की रात्री छातीत जळजळ उठते. आपण म्हणतो ‘पित्त झालं’. पित्त तयार होतं यकृतात. इथे बहुतेक वेळा घशाशी येतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. जठराचं अस्तर ते सोसतं, अन्ननलिकेला सोसत नाही.

बाटलीतल्या पांढऱ्या औषधात बहुधा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. मॅग्नेशियमची ही पूड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तोंड पोळत नाही. आम्ल भेटलं की मात्र विरघळते आणि त्याचं पाणी व साधा क्षार करून टाकते. 400 मिलिग्रॅम पूड सुमारे 500 मिलिग्रॅम आम्ल मारते, तेही गॅस न सोडता. खाण्याचा सोडाही आम्ल मारतो, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. सोड्यानंतर येणारा मोठा ढेकर या वायूचा असतो, अन्न पचल्याची ती खूण नव्हे. शिवाय सोड्यात सोडियम भरपूर, तेव्हा बीपीवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही एकत्र का? नुसत्या मॅग्नेशियमने जुलाब होतात, नुसत्या ॲल्युमिनियमने पोट गच्च होतं.

बाटली चांगली हलवा. पूड तळाशी बसते. न हलवता घेतलं तर सुरुवातीला पाणीच पोटात जातं आणि शेवटी उरतो चुन्यासारखा गाळ. लोक म्हणतात, ‘औषध लागू पडत नाही’, त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून झाकणावरच्या खुणेनेच मोजा. किती घ्यायचं ते लेबलवर असतं. गोळी चावून बारीक करा, मग गिळा.

वेळ महत्त्वाची. हे औषध असलेलं आम्ल मारतं, नवीन आम्ल तयार होणं थांबवत नाही. रिकाम्या पोटी अर्ध्या-पाऊण तासात पुढे सरकून जातं. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर अन्नासोबत थांबतं आणि असर तीन तासांपर्यंत टिकतो. सकाळी जेवणाआधीची पॅन्टोप्राझोलची गोळी वेगळी, ती आम्ल बनणंच कमी करते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

लोहाच्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक यांच्यात आणि यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मात्र याच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. सोबत घेतलं तर ती औषधं याला चिकटून अंगी न लागता बाहेर पडतात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. मॅग्नेशियम अंगात साठतं.

दोन आठवडे घेऊनही जळजळ राहिली, घास अडकू लागला, वजन उतरलं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर बाटली शोधत बसू नका. 108 ला फोन करा.