परवान्याविना वाय-फाय: २.४ गीगाहर्ट्झच्या गर्दीची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा वाशीच्या सिडको वसाहतीत शेजाऱ्यांच्या राउटरमुळे नेट अडकलं, तर दाद मागायला जागा नाही. याचं मूळ जुनं आहे.

१९४७च्या अटलांटिक सिटी परिषदेत २४५० मेगाहर्ट्झभोवतीचा, म्हणजे वाय-फाय वापरतं तोच २.४ गीगाहर्ट्झचा, रेडिओ लहरींचा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांना दिला गेला. संदेशवहनाने तिथे शिरायचं तर त्यांचा उपद्रव सोसून; मायक्रोवेव्ह ओव्हन आजही तिथेच चालतो. १९८५मध्ये अमेरिकेने या पट्ट्यात स्प्रेड स्पेक्ट्रम (सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवणाऱ्या) उपकरणांना परवान्यातून सूट दिली, १९९७मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं. आपल्याकडे १९३३च्या कायद्याने वायरलेस यंत्र बाळगायलाही परवाना लागे. जानेवारी २००५च्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ मोकळे केले: ट्रान्समीटर १ वॉट, अँटेना धरून ४ वॉटपर्यंत. अट एकच, पण कडक: कुणाला व्यत्यय आणायचा नाही आणि इतरांच्या व्यत्ययापासून संरक्षणही मागायचं नाही.

म्हणून शिस्त यंत्रातच घालावी लागली. राउटर आधी ऐकतो. त्याच चॅनलवर उणे ८२ डीबीएमचा (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण) क्षीण वाय-फाय सिग्नल सापडला तरी थांबतो, मग थोडा यादृच्छिक वेळ मोजून बोलतो. चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेले, सिग्नल मात्र २० मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे सोयीने वेगळे राहणारे तीनच: १, ६ आणि ११. ‘३ रिकामा दिसतोय’ म्हणून तो निवडणं सगळ्यात नडतं. १ आणि ६ वरच्यांना त्याचं बोलणं उलगडत नाही, नुसता गोंगाट वाटतो. तो उणे ६२ डीबीएमपेक्षा क्षीण असला की ते त्यावरच बोलत सुटतात आणि पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, फुटतात. एकाच चॅनलवरचे निदान पाळी लावतात.

पाळीलाही मर्यादा आहे. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे १० बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ सांगणारे छोटे संदेश, सोडतो. १ एमबीपीएसच्या जुन्या वेगाने २५० बाइटचा बीकन २ मिलिसेकंदांहून जास्त वेळ चॅनल अडवतो. एका चॅनलवर १५ राउटर असले की सेकंदातले ३०० मिलिसेकंद नुसत्या हजेरीत जातात. म्हणून सेटिंगमध्ये ८०२.११बी (या संथ वेगाचं जुनं वाय-फाय मानक) बंद करा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा.

ऑक्टोबर २०१८मध्ये ५ गीगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. टीव्ही, लॅपटॉप तिकडे न्यावेत. तिथले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वापरायचे आहेत: बहुतेक राउटर सुरू होताना ६० सेकंद ऐकतात, नंतर रडार जाणवलं तर चॅनल सोडून ३० मिनिटं तिथे परतत नाहीत. तिथे नेट मध्येच तुटतं ते कधीकधी यामुळे; राउटर बिघडलेला नसतो.