कॉइलचं कव्हर आणि चिमूटभर माती

"मामा, मेटल डिटेक्टरच्या कॉइलचं कव्हर काढून टाकू का? इथले जुने लोक म्हणतात, त्याने यंत्राला जमिनीत जितक्या खोलवरचा धातू कळतो, ती खोली निम्मी होते."

मेलबर्नहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. निम्मी? तीन मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या ताटलीने? त्याला म्हटलं, थांब, आधी हिशेब करू. हिशेब संध्याकाळपर्यंत झाला. पण त्यात एक गोष्ट सुटली होती, ती पुढे तिकडे गेल्यावर कळली.

आधी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगो, बॅलरट या भागात 1850च्या दशकापासून सोनं निघतंय. आजही 'माइनर्स राइट' नावाचा परवाना घेऊन हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन रानात जातात. 1980 साली किंगोवरजवळ अशाच यंत्राने 27 किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला. 'हँड ऑफ फेथ' असं त्याचं नाव, आणि तो आता लास व्हेगासमध्ये मांडून ठेवलाय. तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं, पुढचा आपलाच. माझा भाचाही त्यातलाच एक.

यंत्राच्या टोकाला जी थाळी असते ती कॉइल. आत तांब्याच्या तारेची वेटोळी, बाहेर प्लास्टिकचं कवच. ही थाळी जमिनीला जवळजवळ टेकवून डावीकडून उजवीकडे फिरवायची. रान खडकाळ असल्याने ती सतत घासते. म्हणून तिच्या बुडाला आणखी एक प्लास्टिकचं कव्हर बसवतात, तिकडचे लोक त्याला 'स्किड प्लेट' म्हणतात. कव्हर झिजलं की बदलायचं. कॉइलच्या मानाने ते किरकोळ किमतीत मिळतं. वाद आहे तो या ताटलीचा.

आता माझ्या चहाकडे या. तो इंडक्शन शेगडीवर झाला होता. शेगडीतही तांब्याची कॉइलच असते. तिच्यातला विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते क्षेत्र पातेल्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं. शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम तो हाच. पण कॉइल आणि पातेलं यांच्या मधे काय असतं? काचेची जाड पाटी. तिच्यामुळे पातेलं कमी तापतं अशी तक्रार कोणी केलेली मी ऐकली नाही. काच वीज वाहू देत नाही, तिच्यात भोवरे उठत नाहीत, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने ती जवळपास हवाच. डिटेक्टरच्या कव्हरचं प्लास्टिकही तसंच. ते काहीही अडवत नाही, शोषतही नाही.

मग काही तोटा? आहे. कव्हर जितकं जाड, तितकी कॉइल जमिनीपासून दूर. तीन मिलिमीटरचं कव्हर तीन मिलिमीटर खोली खातं, त्यापेक्षा कणभरही जास्त नाही.

अंतराचा परिणाम मात्र तीव्र असतो, हे मान्य. कॉइलचं क्षेत्र दूरवर अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. धातूत उठलेले भोवरे स्वतःचं छोटं क्षेत्र तयार करतात, तेही परत येताना घनाच्याच प्रमाणात क्षीण होतं. जाताना घन, येताना घन, म्हणजे सहावा घात. कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं, तर संदेश 64 पट कमी! हे वाचून लोक घाबरतात आणि कव्हरला दोष देतात. पण आकडे घालून बघा. 11 इंची कॉइल, म्हणजे त्रिज्या साधारण 14 सेंटिमीटर, आणि बरोबर मध्याखाली 20 सेंटिमीटरवर सोन्याचा कण. कव्हर बसवलं तर संदेश सुमारे 6 टक्क्यांनी घटतो. आणि कव्हर नाही म्हणून, ओरखडे पडतील या भीतीने, माणसाने कॉइल एक सेंटिमीटर वर धरली तर? 18 टक्क्यांनी. मी भाच्याला सांगितलं, कव्हर ठेव आणि बिनधास्त घासत चाल.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं.

एप्रिलमध्ये मी तिकडे गेलो तेव्हा तो मला बेंडिगोच्या पुढे एका रानात घेऊन गेला. निलगिरीची झाडं, तांबूस माती, पायाखाली चण्याएवढे गोल खडे. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. भाच्याने यंत्र चालू केलं, आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला ते 'घुंई' करायला लागलं. डावीकडे नेलं की घुंई, उजवीकडे नेलं की घुंई. खाली खणून बघितलं तर काही नाही. तो म्हणाला, "बघ, कव्हरच वाईट."

कव्हर काढलं. गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर उलटं आपटलं. चहाचा चमचाभर ओलसर तपकिरी माती पडली, तिच्यात मोहरीएवढे लाल-काळे खडे. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक लहानसं लोहचुंबक असतं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या मातीवरून फिरवलं. निम्मी माती मिशांसारखी ताठ उभी राहिली.

ते होतं मॅगहेमाइट, लोहाचं एक ऑक्साइड. ज्यांनी ऑडिओ कॅसेट वापरली आहे त्यांनी हे पाहिलेलं आहे: टेपवरचा तपकिरी लेप बहुतेक वेळा याचाच असे. रानात वणवा लागतो, मातीतली साधी लोहसंयुगं पालापाचोळ्याबरोबर भाजली जातात, आणि त्यांचं हे चुंबकीय रूप तयार होतं. व्हिक्टोरियाची सोन्याची रानं त्याने भरलेली आहेत. आपल्याकडेही जांभ्यात आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोहाची चुंबकीय ऑक्साइडं आहेत. (या बेसाल्टने थंड होताना पृथ्वीचं तेव्हाचं चुंबकीय क्षेत्र आपल्यात साठवून ठेवलं, त्यावरूनच भारत दक्षिणेकडून सरकत आला हे 1950च्या दशकात मोजता आलं. पण तो वेगळा लेख.)

आता मला आवडणारा भाग. इथे जरा डोकं चालवावं लागेल.

जमिनीत एवढं लोह असताना डिटेक्टर सतत ओरडत का नाही? कारण तो जमिनीचा आवाज वजा करतो. सोन्याच्या रानात बहुधा 'पल्स' प्रकारची यंत्रं चालतात. ती कॉइलमध्ये झटका देतात, प्रवाह एकदम बंद करतात, आणि मग काही मायक्रोसेकंदांनी ऐकू लागतात. धातूतले भोवरे विझत जातात ते ठराविक लयीत, म्हणजे ठराविक वेळाने निम्मे, पुन्हा तेवढ्याच वेळाने त्याचे निम्मे. मॅगहेमाइटचे अतिसूक्ष्म कण मात्र वेगवेगळ्या वेगाने शांत होतात, काही लगेच, काही रेंगाळत. त्या सगळ्यांची बेरीज केली की वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटणारा संदेश मिळतो. विझण्याच्या या दोन तऱ्हा निराळ्या, म्हणून यंत्र दोन वेगळ्या क्षणी ऐकतं आणि अशी वजाबाकी करतं की माती शून्य व्हावी, धातू उरावा. कॉइल वरखाली करून यंत्र जमिनीला जुळवतात, ते ही वजाबाकी बसवण्यासाठी. शिवाय ही यंत्रं बदल ऐकतात. जे एकसारखं आहे ते हळूहळू गाळून टाकलं जातं, म्हणूनच कॉइल हलती ठेवावी लागते.

म्हणजे कव्हरमध्ये माती घट्ट चिकटून बसली असती तर फारसं बिघडलं नसतं. ती कॉइलबरोबरच फिरते, यंत्राला तिचा बदल जाणवत नाही. पण ओली, सैल माती कव्हरमध्ये इकडून तिकडे सरकते. कॉइल डावीकडे थांबली की माती पुढे घसरते, उजवीकडे थांबली की उलट. म्हणून घुंई फेरीच्या टोकालाच! आणि वजाबाकी कधीच पुरती जुळत नाही, थोडा अंश उरतोच. 20 सेंटिमीटर खोलवरच्या मातीचा तो अंश ऐकू येत नाही. कव्हरमधला तोच कण कॉइलच्या मध्याखाली अर्ध्या सेंटिमीटरवर असतो, त्याचा आवाज सुमारे 28 पट मोठा, आणि तारेच्या अगदी खाली सरकला तर त्याहूनही जास्त.

जवळच्या वस्तूने दूरची झाकण्याचा हा खेळ जुना आहे. जुलै 1881मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे ते शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी कॉइलचं एक यंत्र बनवलं. यंत्र चांगलं होतं, पण रुग्ण तारांच्या गादीवर झोपवलेला होता, आणि डॉक्टरांनी शोधायला दिली शरीराची उजवी बाजू. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात गारफील्ड गेले.

ओलाव्याबद्दलही थोडं सांगतो. ओलं गवत कॉइलला लागलं की यंत्र बिचकतं, त्याचं खापरही कव्हरवर फुटतं. वास्तविक तार आणि ओली जमीन मिळून एक लहानसा कपॅसिटर बनतो, आणि स्पर्शागणिक त्याची क्षमता बदलते. त्यावर तोड म्हणून बनवणारे कवचाच्या आत ग्राफाइटचा लेप देतात. त्या लेपात मुद्दाम एक फट सोडलेली असते. ती नसती तर लेपाचं बंद कडं झालं असतं, त्यातच प्रवाह फिरला असता आणि लेपाने कॉइललाच खाल्लं असतं. विजेला अडवायचं पण चुंबकत्वाला वाट द्यायची, ही कारागिरी मला फार आवडते. पण समुद्राचं पाणी कव्हरमध्ये शिरलं तर लेपाचा उपयोग नाही, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहतं आणि हेलकावत राहतं. पुळणीवर फिरणाऱ्याने कव्हर दर तासाला उघडून पाणी झटकावं. काही जण कडेने सिलिकॉन भरून कव्हर कायमचं बंद करतात. मला ते पटत नाही. एकदा ओल आत गेली की मग ती काढणार कशी?

तर वापरावं का? खडकाळ रानात, शेतातल्या खुंटांत, शिंपल्यांच्या पुळणीवर, हो. बागेतल्या कापलेल्या हिरवळीवर नसलं तरी चालेल. तिथे दांड्याच्या टोकाला वाढलेलं शंभरेक ग्रॅम वजनही दुपारपर्यंत मनगटाला जाणवतं.

हा लेख वाचून कोणी यंत्र घेऊन गडावर जाऊ नये. संरक्षित स्मारकात खणणं गुन्हा आहे, आणि 1878च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे 'पायाळू' माणसाला पुढे घालून गुप्तधन शोधणारे मांत्रिक अजून आहेत. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट लिहिलेत. आणि सुशिक्षितांचे मांत्रिकही असतात. एक किलोमीटरवरून सोनं दाखवणारी अँटेनावाली यंत्रं विकतात ते त्याच जातीचे. सहाव्या घाताचा हिशेब आठवा. एडीई 651 नावाचं असंच पोकळ यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं, ते तपासनाक्यांवर वापरलं गेलं, आणि विकणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला 2013 साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्या दिवशी रानात कव्हर पाण्याच्या बाटलीने धुतलं, शर्टाने पुसून पुन्हा बसवलं. घुंई थांबली. संध्याकाळपर्यंत मिळालं ते एक चपटी शिशाची गोळी, दोन गंजके खिळे आणि शीतपेयाच्या डब्याची कडी. आता भाचा गाडीत दात घासायचा जुना ब्रश ठेवतो आणि डबा खायला बसला की आधी कव्हर साफ करतो. मागच्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला, कव्हर उजव्या कडेला जास्त झिजलंय. म्हणजे फिरवताना तो त्या बाजूला कॉइल कलती धरतो, आणि डाव्या बाजूची खोली त्याची तोच घालवतोय.