‘सारा’ या नावाचा ‘सार’शी संबंध नाही

पंचवटीतील एका बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘सारा, म्हणजेच संस्कृत सार’ असे छापलेले नुकतेच पाहिले. बाळाच्या नावांच्या याद्यांतून वर्षानुवर्षे फिरणारी ही व्युत्पत्ती निव्वळ उच्चारसाम्यावर उभी आहे. (तसे म्हटले तर शेतसारा अधिक जवळचा!) हे नाव मूळचे हिब्रू असून, अधिपती किंवा अधिकारी या अर्थाच्या ‘सर’ शब्दाचे ते स्त्रीलिंगी रूप असल्याने त्याचा अर्थ ‘उच्चकुलीन स्त्री, राजकन्या’ असा होतो. आजच्या हिब्रूतही मंत्र्याला ‘सर’ आणि महिला मंत्र्याला ‘सारा’च म्हणतात. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात अब्राहामाच्या पत्नीचे ‘साराय’ हे नाव बदलून ‘सारा’ ठेवले जाते, तेव्हा ती नव्वदीला टेकलेली असते.